दगडाखालचा कोळसा

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी असते, आणि सुट्टी म्हटली की महेंद्रच्या घरातलं काही ना काही बिघडायचंच. २००६ च्या डिसेंबरातल्या त्या शुक्रवारी मॉनिटरची पाळी होती. चित्र हिरवंगार दिसायला लागलं म्हणून त्यानं तो जुन्या चादरीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि शेअर रिक्षानं अंबरनाथहून उल्हासनगर गाठलं. तेव्हाचे मॉनिटर चांगले अंगानं भरलेले असत. रिक्षातल्या बाईला चादरीत लेकरू आहे असं वाटलं, आणि बिचारीनं सगळा रस्ता पाय आखडून घेतले.

दुरुस्तीवाल्यानं तासाभरानं यायला सांगितलं. महेंद्र बाहेरच्या पायरीवर दाल-पकवान खात उभा राहिला. शेजारच्या तळघरात गेमचं पार्लर होतं. खालून पोरांचा आरडाओरडा येत होता, आणि त्या आरडाओरड्यातून एक आवाज वर आला.

कुर्र… कुर्र… मग एक दमलेला थांबा. पुन्हा कुर्र… आणि लांबवर एक कावळा.

महेंद्रचा घास हातातच राहिला. तो पालेगावच्या विहिरीवरचा रहाट होता. आवाज टेप केला तेव्हा ओढायला हिरामण होता, माईकची वायर धरून स्वतः महेंद्र होता, आणि तो कावळा नको तेव्हा मध्येच ओरडला होता. "ऱ्हाऊ दे," हिरामण म्हणाला होता. "त्यो पन गावचाच हाय."

हिरामणला जाऊन चार महिने झाले होते. ऐन गणपतीत काविळीनं गेला.

आता हिरामण कोण ते सांगायला हवं. महेंद्र ज्या कारखान्यात ड्रॉइंग काढायचा, तिथे हिरामण फिटर होता. दिवसभर पाना घेऊन मशीनखाली, आणि घरी आला की कॉम्प्युटरवर. वेड एकच, एका खेळाचे मॅप, म्हणजे खेळायची मैदानं, बनवायचं. लढाईचा खेळ होता तो. वरून खाली पाहायचं, इवल्याशा माणसांकडून लाकूड तोडून घ्यायचं, घरं बांधून घ्यायची, मग शेजाऱ्याच्या उरावर बसायचं. खेळाबरोबर एक एडिटर यायचा. त्यात कोणालाही आपला मॅप रचता यायचा. पण कोणालाही दुसऱ्याचा मॅप उघडून, वरचं नाव खोडून, स्वतःचं टाकताही यायचं. रात्री रचलेला मॅप आठवड्यात तिसऱ्याच्याच नावानं फिरायचा.

त्यावर इलाज महेंद्रकडे होता. एडिटरला मॅप उघडायला जे तुकडे लागतात ते तो शोधून काढून टाकायचा. मग मॅप खेळता येई, उघडता येत नसे. बदलापूर ते कल्याण पोरं त्याच्याकडे कुलूप लावून घ्यायला यायची. त्याचा एक नेम होता. कुलूप लावलं की मूळ उघडी प्रत मालकाच्या सीडीवर द्यायची आणि स्वतःकडची पुसून टाकायची. दुसऱ्याची मूळ प्रत घरात ठेवणं त्याला दुसऱ्याची तिजोरी घरात ठेवण्यासारखं वाटायचं.

पण हिरामणचा मॅप पाहिला तेव्हा महेंद्रचे हात थांबले होते. पोरं किल्ले रचायची, बर्फाचे डोंगर रचायची. या पठ्ठ्यानं पालेगाव रचलं होतं. टॉवर उठायच्या आधीचं. चिंच, तिच्याजवळची विहीर, शेताचा बांध, बांधाच्या टोकाला हद्दीचा दगड. खेळायला इतका चोख की शंभर डाव टाका, एकही दुसऱ्यासारखा होणार नाही. मशीनखाली लोळणाऱ्या माणसाच्या डोक्यात हे कुठे राहत असेल, असं महेंद्रला वाटलं होतं. त्याला हेवाही वाटला होता. तोही त्यानं हिरामणला सांगून टाकला, आणि हिरामण लाजून चहा आणायला निघून गेला.

तर त्या मॅपमध्ये दोघांनी मिळून घातलेला तो रहाट आता उल्हासनगरच्या तळघरात वाजत होता. महेंद्र जिना उतरला. पडद्यावर चिंच होती, विहीर होती, आणि वर मोठ्या अक्षरांत नाव होतं मधूचं. मधू म्हणजे पार्लर चालवणारा. गळ्यात पेन ड्राइव्ह, डोळ्यांवर तळघरातही गॉगल.

"हा मॅप हिरामणचा आहे," महेंद्र म्हणाला.

"कौन हिरामण? बॉस, सहा महिने घासलीय मी याच्यावर." मधूनं मान वळवण्याचीही तसदी घेतली नाही. "उद्या सकाळी कुरिअर करतोय. पुण्याचं ते मासिक नाही का, सीडीवालं? पुढच्या अंकात येणार. नाव, फोटो, सगळं."

"कुलूप मी लावलं होतं त्याला."

"मग तुझं लॉक कच्चं असेल." आता तो वळला. "प्रूफ आहे? ओरिजिनल दाखव. नसेल तर फुकट पकवू नको यार."

मासिकाची ती सीडी महाराष्ट्रभर जायची. एकदा तिच्यावर मधूचं नाव छापलं गेलं की हिरामणचं नाव या जगात एका मृत्यूच्या दाखल्यावर तेवढं उरणार होतं. मॉनिटर दुकानातच ठेवून महेंद्रनं पालेगावची रिक्षा पकडली.

हिरामणची आई, सुंदराबाई, गच्चीवर पापड वाळत घालत होती. "आयलास रं बाला," ती म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले. महेंद्रनं मूळ प्रतीच्या सीडीचं विचारलं. तिनं कौतुकानं वर बोट केलं.

पापडांवर दोरी बांधली होती आणि दोरीला हिरामणच्या सगळ्या सीड्या टांगल्या होत्या. वाऱ्यानं गरागरा फिरत होत्या, उन्हात लखलखत होत्या. "कावलं येत नाय यांच्यामुलं," ती म्हणाली. "पोराची वस्तू, टाकवंना. कामाला लावली."

चार महिन्यांच्या उन्हानं त्यांचा वर्ख पापुद्र्यासारखा सुटला होता. महेंद्रनं त्यातली मॅपची सीडी काढून आरपार पाहिलं, तर पलीकडचा टॉवर दिसला. त्याला रडू आलं. माउलीला काय बोलणार? त्यानं फक्त चोरीचं सांगितलं.

सुंदराबाईनं हातातला पापड उलटला. मग म्हणाली, "कोलसा नाय बगितला?"

"कसला कोळसा?"

तेव्हा तिनं सांगितलं. हिरामणच्या आज्याच्या वेळी शेजाऱ्यानं हद्दीचा दगड उपटून चार हात आत लावला होता. आजा गडी हुशार. दगड पुरतानाच त्यानं खाली कोळसा पुरला होता. लाकूड कुजतं, हाड झिजतं, कोळशाला काही होत नाही. मोजणीवाले आले, जुन्या जागी खणलं आणि काळाभोर कोळसा वर आला. जमीन वाचली. "हिरामन बोललेला," ती म्हणाली, "आये, म्यापात बी मी कोलसा पुरलाय."

महेंद्रला आपली यादी आठवली. कुलूप लावण्याआधी मॅपमधल्या प्रत्येक वस्तूची यादी तो छापून घ्यायचा. हिरामणच्या यादीत आठशे बेचाळीस वस्तू होत्या. झाडं, दगड, घरं, एकूण एक त्यानं स्वतः वाचल्या होत्या. कोळसा नव्हता. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसा तो परत निघाला.

पोचेपर्यंत सहा वाजून गेले, आणि उल्हासनगरची वीज गेलेली होती. रोजचंच लोडशेडिंग. पोरं पांगली होती. तळघरात एकटा मधू मेणबत्ती लावून बसला होता. यूपीएसवर एकच कॉम्प्युटर चालू होता. बाकीचे नऊ पडदे काळे होते, आणि प्रत्येकात ती मेणबत्ती लहान होऊन जळत होती.

"आला परत?" मधू हसला. "घे. खेळून बघ. शोध तुझ्या हिरामणला."

महेंद्र बसला. पालेगाव उघडलं. रहाट वाजला. मधूनं नुसतं नावच बदललं नव्हतं, तर चोरी ओळखू येऊ नये म्हणून वस्तूही हलवल्या होत्या. विहीर चिंचेच्या पलीकडे गेली होती. हद्दीचा दगड बांधाच्या दुसऱ्या टोकाला. महेंद्रनं आपला एक मजूर दगडाकडे धाडला आणि दगड फोडायला लावला. दगड फुटला. खाली माती होती.

"झालं समाधान?" मधू म्हणाला.

तेवढ्यात रहाट थांबला.

तो आवाज त्या मॅपमध्ये कधीच थांबत नसे. तसाच रचलेला होता. तळघर इतकं शांत झालं की मेणबत्तीची वात तडतडलेली ऐकू आली. पडद्याच्या कोपऱ्यात खेळाडूंची यादी असते. तिथे महेंद्रचं नाव होतं. त्याखाली आता दुसरी ओळ आली होती. नाव नव्हतं, नुसती रिकामी ओळ, आणि पुढे हजर असल्याची हिरवी खूण.

"कोण घुसलं?" मधूनं मागे पाहिलं. नऊही पडदे काळे होते. "नेटवर्कमधून कोणीतरी…"

"वीज कुठाय नेटवर्कला?"

मधूनं वायर खेचून काढली. हिरवी खूण तशीच राहिली.

चिंचेच्या सावलीतून एक मजूर बाहेर आला. इवलासा, इतरांसारखाच. पण इतर मजूर तुरुतुरु धावतात. हा चालत होता, पाळी संपवून घरी निघालेल्या माणसासारखा, दमल्या पायांनी. बांधावरून तो सरळ गेला आणि दगड पूर्वी जिथे होता तिथे येऊन थांबला. त्यानं खांद्यावरची कुदळ उतरवली.

"तू चालवतोयस ना याला?" मधूचा आवाज बारीक झाला होता. "सांग ना… तूच ना?"

महेंद्रचे दोन्ही हात मांडीवर होते. त्यानं ते वर करून दाखवले.

कुदळ पडत राहिली. त्या खेळात जमीन खणता येत नाही. तशी सोयच नाही. तरी माती बाजूला झाली. तळघरात वास आला, पाणी मारून विझवलेल्या कोळशाचा. जमिनीत काळंभोर काहीतरी दिसलं, आणि पडद्याच्या तळाशी, जिथे खेळाडूंचे निरोप उमटतात तिथे, इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ उमटली.

दगड सरकतं. कोलसा नाय. — हिरामण, पालेगाव.

महेंद्रला भीती वाटली, नाही असं नाही. पण भीतीच्याही वर छातीत काहीतरी भरून आलं. वाहवा रे पठ्ठ्या, असं तो चक्क मोठ्यानं म्हणाला. महेंद्रच्या कुलपाला जे जमलं नव्हतं ते आज्याच्या कोळशानं केलं होतं.

मधूनं गॉगल काढला. त्याचे डोळे अगदीच पोरासारखे होते. "मी बदलतो," तो म्हणाला. "आत्ता बदलतो. त्याला सांग… बस कर म्हणावं." त्यानं आपलं नाव खोडून हिरामणचं घातलं. विहीर, दगड, सगळं जागच्या जागी नेऊन ठेवलं. शेवटचा दगड बसला तेव्हा यादीतली दुसरी ओळ गेली आणि रहाट पुन्हा कुरकुरू लागला.

मासिक फेब्रुवारीत आलं. हिरामणचं नाव छापलेलं पान सुंदराबाईनं देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं, आणि सोबतची सीडी मात्र पापडांवर न टांगता डब्यात ठेवली. महेंद्रनं तिच्यातल्या मॅपची यादी पुन्हा छापली. आठशे बेचाळीस वस्तू. कोळसा नव्हता.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

वर्षभरानं महेंद्रनं स्वतःचा पहिला मॅप रचला. कुळगाव, मामाचं गाव. त्यात एक पायवाट नीट बसेना, म्हणून त्यानं हिरामणच्या पायवाटेचं एक वळण जसंच्या तसं घेतलं. एकच वळण. आदरापोटी, असं त्यानं स्वतःला सांगितलं. एका शुक्रवारी भर दुपारी, घरात एकटा असताना, त्यानं मॅप चालवून पाहिला. मॅपमध्ये त्यानं एकही आवाज घातला नव्हता.

कुर्र… कुर्र… लांबवर एक कावळा.

यादीत दोन ओळी होत्या. त्या वळणावर एक मजूर कुदळ खांद्यावरून उतरवत होता.

"चुकलो रे," महेंद्र म्हणाला. त्यानं खेळ थांबवला, एडिटर उघडला आणि मॅपवर आपल्या नावाच्या आधी हिरामणचं नाव लिहिलं. पुन्हा चालवला. कुदळ खाली आली नाही. महेंद्रनं सुटकेचा श्वास सोडला.

पण मजूर गेला नाही. त्यानं कुदळ उचलली आणि सावकाश चालत पुढे निघाला. नदी ओलांडली, देऊळ ओलांडलं, आणि मॅपच्या पार दुसऱ्या टोकाला एका आंब्याखाली येऊन बसला. तो आंबा, ती जागा महेंद्रनं कुठूनही घेतली नव्हती. ती त्याला स्वतःची वाटत होती. अगदी डोक्यातून उगवलेली.

आजही मॅप उघडला की तो तिथेच बसलेला असतो, कुदळ मांडीवर ठेवून, वाट बघत. त्या आंब्याखाली कोणाचा कोळसा निघेल, हे महेंद्रनं त्याला अजून विचारलेलं नाही.