बडग्याच्या अंगावरची सफारी

नूपुरची मोपेड सक्करदऱ्याच्या तलावाजवळ बंद पडली तेव्हा पावसाने नुकताच जोर धरला होता. गाडी ढकलत ती रस्त्याकडेच्या ताडपत्रीखाली शिरली. तिथे आधीच एक गृहस्थ उभे होते... पाठमोरे, धिप्पाड, लग्नात ओळखीचं कुणी न भेटलेल्या पाहुण्यासारखे अवघडून.

"दादा, थोडं सरकता का?"

गृहस्थ हलले नाहीत.

"अहो दादा, अर्धा पाऊस माझ्या पाठीवर पडून राहिला!"

"ते नाही सरकणार," मागून आवाज आला. "त्यांचं डोकं बसायचं आहे अजून."

नूपुरने वर पाहिलं. गृहस्थांच्या कॉलरमधून बांबूचं टोक बाहेर आलं होतं आणि शर्टाच्या बाहीतून भाताचं तणस. बडग्या! पोळ्याला आठवडा उरला की नागपुरात असे बिनडोक गृहस्थ गल्लोगल्ली उभे राहतात. लोकांना ज्याचा वैताग आला असेल त्याचा पुतळा करायचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत नाचवायचा, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडायचं आणि शेवटी जाळून मोकळं व्हायचं. बाकीच्या गावांत लोक मनातल्या मनात कुढतात. इथे सार्वजनिक सोय आहे.

पण नूपुर दचकली ती बडग्याला नव्हे, आवाजाला. कोपरापर्यंत कागद चिकटवायची खळ माखलेले हात आणि केसांत वर्तमानपत्राचे तुकडे घेऊन अनिश उभा होता. पाच वर्षांत त्याला थोडी दाढी आली होती आणि थोडी अक्कल. दोन्ही विरळच, पण लक्षात येण्याइतकी.

"तू खापरखेड्याले असतो ना?" ती म्हणाली. एवढं कोरडं बोलणं त्या पावसात फक्त तिलाच जमलं असतं.

"म्हणजे माहिती ठेवून आहे."

"ठेवावी लागत नाही. गल्लीत घरपोच येते."

"वीज केंद्रात आहो. तुझ्या घरी पंखा फिरते ना, तो मीच फिरवून राहिलो."

"काल दुपारभर बंद होता."

"काल मी सुट्टी घेऊन निघालो ना!"

हसायचं नाही असं तिने पाच वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. ओठांनी ते पाळलं, डोळ्यांनी नाही. अनिशने डोळ्यांकडेच पाहिलं, मग घाईने गाडीकडे. गळ्यातला दुपट्टा त्याने तिच्यापुढे धरला. "पूस. खळ लागली आहे एका टोकाले... दुसऱ्या टोकानं पूस."

तो प्लग पुसत बसला आणि ती त्याची मान पाहत उभी राहिली. मनीषनगरच्या क्लिनिकमध्ये ती दिवसभर लोकांच्या आखडलेल्या माना मोकळ्या करायची, तेव्हा हे पाहणं व्यावसायिक होतं, असं तिने स्वतःला समजावलं. गाडी सुरू झाली. तिने दुपट्टा परत दिला. त्याच्या बोटांना तो घ्यायला जरा वेळ लागला.

"काका... कसे आहेत?"

पाऊस पडत राहिला. नूपुरने गाडीची मूठ पिळली आणि तशीच निघून गेली.

झालं होतं ते असं. नूपुरचे वडील कृष्णकांत जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले आणि सल्ले देऊ लागले. गाडी कशी लावावी, दही कसं विरजावं, जावयाला किती डोक्यावर घ्यावं... गल्लीतल्या कुठल्याही विषयावर, मागितला नसला तर विशेषच. अनिश तेव्हा मंडळात बडग्याचे चेहरे करायचा, आणि कॉलेजातून परतताना नूपुर त्याला बाबांच्या गमती सांगायची. पोरगं हसलं की पोरीला आणखी एक गंमत सुचते. वयच तसं असतं. एक दिवस तिने सांगितलं, "सल्ला द्यायच्या आधी बाबा मनगटातलं घड्याळ काढून खिशात ठेवतात. जसं काही कामावरच चढून राहिले!" अनिश तलावाच्या कठड्यावर बसून पोट धरून हसला होता.

त्या वर्षी मंडळ जुने कपडे मागायला आलं. नूपुरने कपाटातून बाबांची शेवाळी रंगाची सफारी काढून दिली. चार खिशांची, एका खिशावर शाईचा नकाशा. आईलाही ती सफारी नको होती, बाबांच्याही ती पोटावर येत नव्हती. तणस भरायला जाईल, एवढंच तिच्या मनात.

पण मारबतीच्या दिवशी बडग्या बाहेर आला तो कृष्णकांतच होऊन. तीच सफारी, तोच शाईचा नकाशा, छातीवर पाटी – 'फुकट सल्ला केंद्र', आणि खिशातून लोंबणारा घड्याळाचा पट्टा. गल्ली लोळून लोळून हसली. कृष्णकांत गॅलरीत उभे होते. तेही हसले, मग आत गेले. त्यानंतर त्यांनी कुणाला सल्ला दिला नाही. समोरचे जितेंद्रभाऊ नवी कार मागे घेता घेता विजेच्या खांबाला टेकले, तेव्हा कृष्णकांत गॅलरीतून शांतपणे पाहत राहिले. घड्याळ मनगटावरच होतं. जितेंद्रभाऊसुद्धा नंतर म्हणाले, "काकांनी एक आवाज तं द्यायचा होता!"

अनिशला घरी बोलावून विचारलं गेलं. सफारी कुठून आणली? "भांडेवालीजवळून घेतली," तो म्हणाला. त्याने नूपुरकडे पाहिलंही नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईशी घरात एकटी नूपुरची आई यमुताईच व्यवहार करायची. म्हणजे आई दोषी ठरली, अनिशला उंबरठा बंद झाला, आणि नूपुर? ती अनिशवर रागावली! फार मनापासून रागावली. दुसऱ्यावर रागावलेलं असलं की आरशात पाहावं लागत नाही, ही सोय वयाच्या विसाव्या वर्षी बहुतेकांना सापडते. काहींची ती साठीपर्यंत टिकते.

पुढचे काही दिवस मोपेडला ताडपत्रीजवळ थांबायची सवय लागली. पाऊस नसला तरी.

"आज काय बिघडलं?" अनिश विचारायचा.

"आवाज येऊन राहिला."

"कसा?"

"बंद केली की येत नाही."

"गंभीर आहे. बसावं लागते थोडा वेळ."

ती बसायची. तो कागदाच्या लगद्यातून नाक घडवायचा. यंदाचा बडग्या बसमध्ये मोठ्या आवाजात रील पाहणारा इसम होता आणि अनिशने त्याला कोणाचाही चेहरा द्यायचा नाही अशी शपथ घेतली होती; पण त्यामुळे तो सगळ्यांसारखा दिसू लागला. मध्येच तिच्या गालावर खळीचा शिंतोडा उडायचा. "थांब, हलू नको..." म्हणून तो बोट पुढे करायचा आणि बोट तिथेच, गालापासून तीळभर अंतरावर थांबायचं. मग दोघंही एकदम बडग्याकडे बघायचे, जणू तोच काहीतरी बोलला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "मारबत झाली की मी जाईन. मग भेटशील?"

"कुठं?"

"कुठं म्हणजे? तुझ्या घरी नाही येऊ शकत मी. तू बाबांना सांगू शकत नाही. आपण दोघं काय या ताडपत्रीखालीच म्हातारे होऊ?"

"बडग्या तू बनवला होता, अनिश!"

"हो. मीच बनवला. घड्याळ मीच लावलं, हसाले म्हणून. त्याची लाज मले अजून वाटते." त्याने हातातलं नाक खाली ठेवलं. "पण सफारी काही उडत नव्हती आली, नूपुर. मी काकांची माफी मागाले गेलो तर ते पहिला प्रश्न तोच विचारतील. पुन्हा खोटं बोलू? खोटं बोलून माफी कशी मागू, सांग ना."

तिला रागाने काहीतरी बोलायचं होतं. नेहमीचा राग शोधला... जागेवर नव्हता. मोपेड मात्र पहिल्याच किकला सुरू झाली.

पोळ्याचा दिवस. पुरणपोळ्या झाल्या, ढेकर झाले. कृष्णकांत आरामखुर्चीत, यमुताई पानाचा डबा उघडून. नूपुर मधोमध उभी राहिली, शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखी.

"बाबा, ती सफारी मी दिली होती."

यमुताईचा अडकित्ता थांबला.

"आणि घड्याळाचं पण... मीच सांगतलं होतं त्याले. हसवाले."

पहिला स्फोट अपेक्षित दिशेने झाला नाही. "अवं पोरी!" यमुताई उठूनच उभी राहिली. "पाच वर्षं! पाच वर्षं या घरात स्टीलचा डबा दिसला की हे मले ऐकवतात, घ्या, सफारीचा डबा आला! माझ्या माहेरच्या लग्नात ऐकवलं! आणि तू पापड भाजत बसली होती बाजूले!"

"यमू, थांब," कृष्णकांत म्हणाले. आवाज इतका हळू की यमुताई खरंच थांबली. "सफारीचं मी समजून घेतलं होतं वं कसंबसं. घड्याळाचं कोडं सुटत नव्हतं. मी घड्याळ काढतो हे मलेच माहीत नव्हतं. त्या दिवशी बडग्यात पाहून समजलं." ते मनगटाकडे बघत राहिले. "मग तो पोरगा खोटं काहून बोलला?"

"मले वाचवाले."

"आणि तू वाचली."

"हो."

एवढंच. कृष्णकांत मनगटावरचं घड्याळ फिरवत राहिले. नूपुरला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. मोठं झाल्यावर कुणी ओरडत नाही, हीच त्यातली खरी गैरसोय. ती रडली नाही, पळालीही नाही. तिथेच जमिनीवर त्यांच्या पायांशी बसून राहिली.

"आणखी काय काय सांगत होती त्याले?" कृष्णकांतांनी विचारलं.

"नका ना विचारू, बाबा."

"सांग."

तिने सांगितलं. झोपेत ते कार्यालयीन टिपणी कशी बोलतात ते. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याची चव पाहून आचाऱ्याला आत जाऊन कसे भेटतात ते. भाजीवालीला तिच्याच मेथीची जुडी कशी बांधायची ते शिकवलं तेव्हा तिने जुडी आणि अख्खा गाडाच कसा त्यांच्या हवाली केला ते. इथे यमुताईच्या नाकातून आवाज आला. कृष्णकांतांनी तिच्याकडे रागाने पाहिलं, आणि मग त्यांचं पोट हलू लागलं, आधी थोडं, मग खुर्चीसकट.

"माफ केलं असं समजू नको," डोळे पुसत ते म्हणाले. "दुखलं आहे मले."

"हो बाबा."

"आणि गाडी मधल्या स्टँडवर लावत जा. तिरपी लावली की पावसात पाणी आत जाते. महिनाभर पाहून राहिलो मी... बोललो नाही."

तेव्हा मात्र नूपुर रडली.

मारबतीच्या सकाळी ताडपत्रीखाली गोंधळ होता. बडग्याचं डोकं बसत नव्हतं. मंडळाचे चार जण चार बाजूंनी ओढत होते आणि डोकं पाचवीकडे कलत होतं. अनिश स्टुलावर उभा होता. खाली बघतो तर कृष्णकांत, आणि त्यांच्यामागे नूपुर. स्टूल डगमगलं.

"मान आखूड केली आहे," कृष्णकांत म्हणाले. "बांबू वीतभर वर घे. आणि डोक्यात तणस कमी भर. माणसाच्या डोक्यात जेवढं कमी, तेवढं ते ताठ राहते."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कुणीतरी पटकन बांबू वर घेतला. डोकं बसलं.

अनिश खाली उतरला. खळीचे हात कुठे ठेवावे ते त्याला सुचेना. "काका, मी... हसण्याच्या नादात केलं. तुमच्या घरात बसून पोहे खाल्ले होते मी, आणि तुम्हालेच..." त्याने तेच हात जोडले. "चुकलो, काका."

"हुबेहूब झाला होता," कृष्णकांत म्हणाले. "वाईट असता तर मी विसरलोही असतो." त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "खोटं बोलला ते चूकच. पण माझ्या पोरीसाठी बोलला. त्याचं काय करावं, मले अजून समजलं नाही. संध्याकाळी घरी ये. यमूची माफी तुले वेगळी मागावी लागेल, ती माझ्यापेक्षा कडक आहे."

आणि ते बडग्याच्या मानेकडे वळले. तिथे अजून बरंच सांगण्यासारखं होतं.

ढोल सुरू झाले. गर्दी पुढे सरकली, गुलाल उडाला. नूपुर आणि अनिश तलावाच्या कठड्यापाशी मागे राहिले. एकमेकांकडे पाहत, आणि पाहत नाही असं दाखवत.

"माझं राहिलं," नूपुर म्हणाली. "पाच वर्षं मी तुझ्याशी बोलली नाही. चूक माझी होती आणि तोंड तुझ्याकडून फिरवलं. तू... मले माफ करशील?"

तो लगेच 'त्यात काय' म्हणेल असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला नाही. गुलालाने भरलेल्या भुवया आवळून तो खरोखरच विचार करू लागला.

"राग आहे," तो हळूच म्हणाला. "खोटं काहून बोलू? खापरखेड्याले पहिल्या वर्षी रोज फोन हातात घेऊन बसायचो. तुझा येईल म्हणून. मग दुसऱ्या वर्षी नाही बसलो... पण चार्जिंग पुरं ठेवत होतो."

"अनिश..."

"एका दिवसात नाही होणार हे. थोडं थोडं करून करावं लागेल. रोज."

"रोज?" ती हसू दाबत म्हणाली. "खापरखेड्याहून?"

"ड्यूटी संपली की निघीन. तासाभराचा तं रस्ता आहे."

"आणि... लवकर झालं तर? माफ करून?"

"मी हळूहळू काम करणारा माणूस आहो."

नूपुरने आपला हात त्याच्या खळीच्या हातात दिला. चिकटला. दोघांनीही सोडवायचा प्रयत्न केला नाही.

"रविवारी सुट्टी?" तिने विचारलं.

"नाही वं," अनिश म्हणाला. "रविवारी ओव्हरटाइम."