दादाला दिलेला चेहरा

त्या दिवशी दुकान जरा लवकर बंद केलं, ते आईला तिचा नवा चष्मा द्यायचा होता म्हणून. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला महिना होऊन गेला होता, नंबर पक्का झाला होता. काचा मी स्वतः घासून बसवल्या होत्या. तीस वर्षं गावाला चष्मे लावतोय मी, आईचं नाक मला पाठ आहे.

आई जुन्या घरात एकटीच राहते. मी आणि बायको, दोघंही आमच्याकडे चल म्हणतो, तर म्हणते, "लोक त्याचं घर बघायला येतात. दाराला कुलूप दिसलं तर काय वाटेल त्यांना?"

त्याचं म्हणजे दादाचं. माझा थोरला भाऊ. इथल्या शाळेला आणि मोठ्या रस्त्याला त्याचं नाव आहे. लढाईत एका पुलापाशी सतरा जणांना वाचवून तो गेला, असं पदकाबरोबरच्या कागदावर लिहून आलं होतं. कसा गेला ते लिहिलं नव्हतं. शवपेटी बंद होती. सोबत आलेल्या अधिकाऱ्यानं वडिलांना बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "उघडू नका." वडिलांनी उघडली नाही.

पुढच्या वर्षी चौकात पुतळा बसवायचं ठरलं. फोटो एकच, सगळ्या तुकडीचा. त्यात दादाचा चेहरा नखाएवढासुद्धा नव्हता. शिल्पकारानं माझ्याकडे बोट दाखवलं. "हा सख्खा भाऊ ना? मग झालं तर."

मी बावीस वर्षांचा होतो. आठ दिवस त्याच्यापुढे स्टुलावर बसलो. तो ओल्या मातीत अंगठा दाबायचा आणि मला म्हणायचा, "हनुवटी वर. तुम्ही शूर आहात." मला हसू यायचं. पडदा ओढला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई रडली. दादाचे वर्गातले मित्रसुद्धा म्हणाले, "अगदी हुबेहूब उतरलाय हो."

तेव्हापासून दादा म्हणजे तो चेहरा. आणि खरं सांगू? दोन-चार वर्षांत मलाही त्याचा खरा चेहरा आठवेनासा झाला. डोळे मिटून आठवायला जावं, तर आरशातलाच पुढे यायचा. पुढे पुढे त्याचं वाईट वाटणंही थांबलं. दात काढताना हिरडी बधिर करतात ना, तसं. जीभ लागली की काहीतरी आहे एवढं कळतं. बाकी काही नाही.

तर, मी आईच्या कानांवर काड्या बसवल्या. नाकावरची पकड किंचित दाबली.

"दिसतंय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

"थोरल्या, कधी आलास?"

"आई, मी धाकटा."

"किती म्हातारा झालास रे तिकडे…" तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "बस. धाकटा येईलच एवढ्यात."

मी वाद घातला नाही. वय झालंय, म्हटलं. चौकातला चेहरा तीस वर्षं बघतेय, होतो एखाद्या वेळी घोटाळा.

पण दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "थोडक्यात चुकामूक झाली बघ तुमची. धाकटा आत्ताच गेला." स्वयंपाकघरातला महिनाभर ठिबकणारा नळ बंद झाला होता. तिच्या गोळ्या सकाळच्या, दुपारच्या अशा वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. बाहेर पडताना शेजारच्या काकूंनी मला थांबवलं.

"दिवसातून दोन-दोनदा येता हो आईकडे. असा मुलगा मिळायला नशीब लागतं."

मी एकदाच जात होतो.

मला भीती वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही. दुकानात येऊन मी एका बाईंच्या फ्रेमचा स्क्रू बसवला.

पाचव्या दिवशी मी जरा आधीच गेलो. ऊन उतरलं होतं, दिवे लागायचे होते. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं तर ओल्या मातीचा वास आला. कोरडा उन्हाळा होता, अंगणात धूळ उडत होती, आणि घरात मात्र नुकत्या उकरलेल्या जमिनीसारखा गार, जड वास.

स्वयंपाकघरातून आई कोणाशी तरी बोलत होती.

"आणखी घे थोडं."

"पुरे गं. ती घरी जेवायला थांबलीय."

तो आवाज माझा होता. म्हणजे माझ्यासारखा नव्हे, माझाच. वाक्याच्या शेवटी घसा साफ करायची माझी सवय आहे. त्यानंही केला.

भिंतीला हात टेकून मी उभा राहिलो. पलीकडे वाटीत चमचा वाजला, पाट सरकल्याचा आवाज झाला. मग आई बाहेर आली. मला बघून दचकली नाही. स्वयंपाकघराचं दार मागं ओढून घेतलं आणि माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"हळू बोल… तो आत आहे. तू येतोस हे मी त्याला सांगितलेलं नाही."

"आई, आत कोण आहे?"

"घाबरेल रे तो. लहान आहे." तिचे डोळे काचांमागं मोठे, स्वच्छ दिसत होते. "थोरल्या, गेलेल्या माणसानं असं घरात येऊ नये… चौक तुझा झाला, शाळा तुझी झाली. त्या पोराला आयुष्यभर कोणी विचारलं नाही. घर तरी त्याचं त्याला राहू दे…"

आतून हाक आली. "आई, कोणाशी बोलतेस?"

"कोणी नाही रे," आई म्हणाली. माझ्याकडे बघतच म्हणाली.

दार ढकलून आत जायला चार पावलंही लागली नसती. मी गेलो नाही. आत बसलेल्याला पाहिलं असतं, तर त्याच्या मानेवर कोणाचा चेहरा असता? माझा असता तर एकवेळ चाललं असतं. पण दादाचा, खरा, मी विसरलेला चेहरा असता, तर मला तो ओळखू आला नसता. याचीच मला लाज वाटली. खूप वर्षांनी काहीतरी वाटलं ते एवढंच. मी उलट पावली बाहेर आलो.

कुठं कुठं फिरलो, सांगता येणार नाही. घरी पोचलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. बेल वाजवली. बायकोनं साखळी न काढताच फटीतून पाहिलं. आमचं लग्न दादा गेल्यानंतर सहा वर्षांनी झालं. तिनं त्याला कधी पाहिलेलं नाही. ती काही क्षण बघत राहिली. मग तिचा हात तोंडाकडे गेला.

"दादा…? तुम्ही?"

मला म्हणायचं होतं, अगं, मी आहे.

"चौकातल्यासारखेच आहात," ती कुजबुजली. "नुसते केस तेवढे पांढरे…" तिनं साखळी काढली. तिला भीती वाटत होती, पण घरी आलेल्या माणसाला दारात उभं ठेवायची तिची रीत नाही. "हे मघाशीच आईंकडून आले. जेवून पडलेत जरा. उठवू का?"

आतल्या खोलीत कोणीतरी कूस बदलली. पलंग करकरला.

"नको," मी म्हणालो. "झोपू दे त्याला."

तिनं मान हलवली. मग तिची नजर खाली गेली आणि ती एक पाऊल मागं सरकली.

"दादा… तुमचा पाय…"

मी खाली पाहिलं. डावा बूट रक्तानं काठोकाठ भरून सांडत होता. फाटकापासून पायरीपर्यंत काळपट, ओला माग उमटला होता, माझ्या एकेका पावलाचा. मी वाकून पोटरी चाचपली. बोटं आत गेली, हाडापर्यंत.

दुखत काहीच नव्हतं.