शेवटचं कोण?

विश्वास ठेवा, हे खरं आहे. एव्हेलिओ खोटं बोलतो, पण फक्त गिऱ्हाइकांशी.

जुलैची दुपार होती. तीन वाजलेले. हवानात, कॅपितोलिओच्या घुमटवाल्या इमारतीच्या पायऱ्यांसमोर, तो आपला लाकडी पेटीचा कॅमेरा मांडून उभा होता.

रात्र नव्हती, अमावास्याही नव्हती. आमच्याकडे भुतांनासुद्धा जमेल त्या वेळी रांगेत यावं लागतं.

रांगेची रीत एकच. आल्या आल्या विचारायचं, "शेवटचं कोण?" कुणीतरी "मी" म्हणतं. मग खुशाल सावलीत बसा, नंबर तुमचाच.

मार्चमध्ये डिग्नाबाई अशीच समोरच्या बाकावर बसली होती. परदेशातल्या मुलाला फोटो पाठवायचा होता.

"कागद संपला, मावशी. उद्या या."

आणि तिच्यादेखत त्यानं डॉलर मोजणाऱ्या एका जर्मन जोडप्याचा फोटो काढला.

पाच दिवस ती आली. पाचही दिवस कागद संपला.

सहाव्या दिवशी शेंगदाणेवाली रेग्ला म्हणाली, "गेली रे ती. मुलानं विचारलंय, एखादा फोटो आहे का. थडग्यावर लावायला."

एव्हेलिओला तेव्हापासून त्या बाकाकडे बघवत नसे.

तर त्या दुपारी कॅनडाच्या दोघी बहिणी आल्या. वाटाड्यानं शिकवलेलं वाक्य त्यांनी हौसेनं म्हटलं. "शेवटचं कोण?"

बाक रिकामा होता...

बहिणींनी बाकाकडे बघून हसून मान डोलावली आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"या ना, बसा स्टुलावर."

"आधी या आजी आहेत की!"

रेग्लाच्या हातातली पुडी सांडली.

"काढ," ती पुटपुटली. "कागद संपला म्हणालास तर बघ."

एव्हेलिओनं काळ्या कापडात डोकं घातलं.

स्टूल करकरलं...

त्यानं झाकण काढलं. तीनपर्यंत मोजलं. लावलं. कागद औषधात बुडवला.

फोटोत मागं घुमट, सुरेख. पुढं रिकामं स्टूल.

"माफ करा, मावशी," तो कसाबसा म्हणाला. मग बहिणींकडे वळला. "आता तुम्ही."

त्या आल्या नाहीत.

एक पाऊल मागं सरकल्या. मग आणखी एक... कुणाला तरी वाट द्यावी तशा.

"किती जण आहेत?" त्यानं विचारलं.

धाकटी बोटांवर मोजू लागली. थोड्या वेळानं तिनं नाद सोडला.

हल्ली एव्हेलिओ रोज रिकाम्या स्टुलाचे फोटो काढतो. एकही फेकत नाही. पहिल्याच्या मागं त्यानं 'डिग्ना' लिहिलंय.

बाकीचे कोरेच आहेत. कागद संपला म्हणून परत पाठवलेल्यांची नावं त्यानं कधी विचारलीच नव्हती.