बुरशीचा डाग

"अल्बममधून आईचा फोटो गेलाय, मामा. आत्ताच्या आत्ता या!"

निवृत्त फौजदार हातातला चहा टाकून निघाले. भाचीला जन्म देऊन त्यांची बहीण गेली, तिचा हा एकुलता एक फोटो. पोरीने आई पाहिली ती एवढीच.

घरात भाचीचा चुलत भाऊ ऐसपैस बसला होता. घराण्याचे फोटो स्कॅन करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं काम मिळाल्यापासून स्वारी स्वतःला इतिहासकार समजत होती. उथळ पाण्याला खळखळाट फार!

"आत्यानेच लपवला," तो म्हणाला. "अल्बम तिच्याच कपाटात असतो. भावजयीशी तिचं कधी पटलं नाही."

आत्या कोपऱ्यात डोळे पुसत होती.

फौजदारांनी अल्बम चाळला. पानावर फोटो अडकवायचे चारही कागदी कोपरे शाबूत होते.

"तू काढलास?"

"छे! त्या पानापर्यंत पोचलोच नाही."

"बाकीचे कसे स्कॅन केलेस?"

"ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून. माझी खास पद्धत!"

फौजदारांनी कपाळाला हात लावला आणि फोनवर ग्रुप उघडला. आजोबांच्या सदऱ्यावर नखाएवढा करडा डाग होता. दुसऱ्या फोटोत तो सायकलच्या चाकावर होता, तिसऱ्यात बाळाच्या कपाळावर.

"हे काय?"

"बुरशी. जुन्या फोटोंना येते. तुम्हाला नाही कळायचं."

"बुरशी काय पट्टी लावून येते? दरवेळी त्याच कोपऱ्यात? आणि हे बाळ तर तिच्या फोटोच्या पुढच्या पानावरचं आहे. म्हणे पोचलोच नाही! डाग फोटोंवर नाही रे शहाण्या, स्कॅनरच्या काचेवर आहे. ओला फोटो काचेवर पालथा घातलास. मग?"

शहाण्याचं तोंड उतरलं. "बटण दाबणार तोच फोन आला. बोलत बसलो. आलो तर चिकटलेला."

"आणि ओढलास. चेहरा राहिला काचेला, सोललेला कागद आला हातात. तो फेकलास, काचेकडे बघितलंही नाहीस. वर म्हाताऱ्या बाईवर आळ! लाज नाही वाटली?"

भाचीने तो डाग मोठा करून पाहिला. दोन डोळे दिसले, जरासं वाकडं हसू दिसलं.

"आई," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

"आठवडाभर ग्रुपवर होती ती," फौजदार म्हणाले. "सगळ्या गोतावळ्याने अंगठे दिले. बघितलं एकाही गाढवाने नाही."

इतिहासकार लगबगीने उठला. "थांबा, काच आत्ता स्वच्छ करून देतो."

"फडकं खाली ठेव, मेल्या!" आत्या कडाडली. तिने स्कॅनर उचलून भाचीच्या मांडीवर ठेवला आणि अल्बमच्या कपाटाची किल्लीही तिच्याच हातात दिली.