नववी ‘ब’चं रक्त

माणूस खोटं बोलला तरी आता त्याचं रक्त खोटं बोलत नाही. बोटाच्या टोकाचा एक थेंब दिला, की ‘रक्तवही’ नावाचं यंत्र दहा मिनिटांत सांगतं, गोवर कधी आला, कावीळ कधी झाली, कोणती लस कोणत्या वर्षी टोचली. तालुक्यात प्रत्येकाची अशी वही निघाली होती.

एकोणऐंशी वर्षांच्या कालिंदी खेडेकरबाई मुलींच्या शाळेच्या कार्यालयात बसल्या होत्या. चौतीस वर्षांपूर्वीची हजेरीपुस्तकं त्यांच्याशिवाय कुणाला सापडली नसती. समोर अन्विता शिगवण होती. त्यांचीच विद्यार्थिनी, आता रक्तवहीची शास्त्रज्ञ.

“पूर्वी तुम्ही माझ्या वह्या तपासायचात बाई. आता मी गावाच्या तपासते.”

“शुद्धलेखन तरी सुधारलं का गं?”

“छे! म्हणून तर यंत्र केलं.”

“पण त्याला कसं कळतं, लस घेतली की आजारच येऊन गेला?”

“आपल्या काही पांढऱ्या पेशी जन्मभर विसरत नाहीत. आजार येऊन गेला, की त्या विषाणूला आतबाहेर ओळखतात. लशीनं त्यांना नुसता त्याचा अंगरखा दाखवलेला असतो. तेवढाच त्यांच्या लक्षात राहतो.”

तिनं पडदा बाईंकडे वळवला. “ही गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची लस. आम्ही नववीत असताना शाळेत फुकट आली होती. ‘अ’ वर्गात एक्केचाळीस मुली, अडतीस जणींच्या रक्तात अंगरखा आहे. आपल्या ‘ब’त सदतीस. त्यात अंगरखा एकीच्याच रक्तात.”

पान उलटता उलटता बाईंचा हात थांबला.

“मला झाला तो कॅन्सर वेळेत सापडला, गर्भाशय काढलं, म्हणून मी वाचले. आपल्या वर्गातली श्रुतिका त्यानंच गेली, मनाली गेली. अहवालात लिहिलंय मी, पालकांनी अज्ञानापोटी नकार दिला. माझ्या आईला तर ती जाईपर्यंत टोचून बोलत राहिले. ती आपली एकच म्हणायची, असला कागद मी पाहिलाच नाही गं.”

बाईंना तो वर्ग दिसला. खोबरेल तेलाचा वास, लाल रिबिनी. ‘अ’ वर्गात सावंतबाईंनी फळ्यावर आकृती काढली होती, आयांना शाळेत बोलावलं होतं. इकडे बाईंनी पाठ्यपुस्तकात प्रजननाचा धडा, पान एकशे बारा उघडलं, मागच्या बाकावर खुदखुद झाली आणि त्या कानापर्यंत लाल झाल्या. “हा धडा घरी वाचून या,” म्हणून त्यांनी समास शिकवायला घेतले. लशीची संमतीपत्रं घडी घालून वाटली, कशाची ते न सांगता. त्यावरचे शब्द वाचून मुलींनी ती दप्तराच्या तळाशी दडवली. दैनंदिनीत बाईंनी लिहिलं, ‘आरोग्यशिक्षण पूर्ण.’

“लस घेतलेली ही तेवीस नंबर कोण हो बाई? नावं झाकलीत, म्हणून विचारते. तिच्या घरी कुणीतरी जाणतं असणार.”

हजेरीपुस्तक उघडायची गरज नव्हती. त्याच आठवड्यात शनिवारी बाई त्याच वर्गातल्या आपल्या लेकीला घेऊन लस टोचायला गुपचूप रत्नागिरीच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या.

“ती आमची ईशा,” बाई म्हणाल्या. “तुझ्या आईचं खरं होतं, अन्विता. मी तुम्हाला तो धडा शिकवलाच नाही. लाज वाटली मला.”

अन्विता खुर्चीवरून उठली. मग कपाटातून तेव्हाचं पाठ्यपुस्तक काढून तिनं पान एकशे बारा बाईंसमोर ठेवलं.

“आता शिकवा,” ती म्हणाली. “मोठ्यानं वाचा, बाई. मी एकटीच आहे वर्गात.”

बाईंनी चष्मा पुसला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. दुसऱ्याच शब्दाशी त्यांचा आवाज अडला.