नो डिस्प्ले

आमच्या धंद्यात ‘नो डिस्प्ले’ हे दोन शब्द दिवसातून दहादा तरी लिहावे लागतात. मशीन चालू होतं, पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा काळा तो काळाच. बावीस वर्षं मी कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. नव्वद टक्के वेळा कारण अगदी फुसकं निघतं. कुठे केबल चुकीच्या जागी खोचलेली असते, कुठे रॅमची पट्टी अर्धवट बसलेली असते. मी पट्टी काढतो, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासतो, पुन्हा बसवतो. एक आखूड बीप येते आणि पडदा उजळतो.

नाहीच उजळला तर माझी पद्धत ठरलेली आहे. एकेक भाग काढायचा, त्या जागी खात्रीचा लावून बघायचा. सगळं बदलून झाल्यावर जे न बदललेलं उरेल, तेच खराब. माझी मुलगी बिट्टी लहानपणी दुकानात टेबलावर पाय हलवत बसायची आणि मी एकेक भाग बदलत गेलो की विचारायची, “बाबा, आता उरलं काय?”

ती सतरा वर्षांची झाली तेव्हा तिला चित्रं काढायला जोरदार मशीन हवं होतं. “बाबा, आपण दोघं मिळून बांधू या?” तिने विचारलं. मी म्हटलं, “बघू.” महिन्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा म्हटलं, “बघू.” दिवसभर लोकांची मशीनं उघडून घरी आल्यावर आणखी एक उघडायचा मला कंटाळा यायचा. तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही.

एका रविवारी सकाळी साडूंचा फोन आला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे ते यजमान.

“साडूभाऊ, जरा येऊन जाल का? मी आणि बिट्टीने एक कॉम्प्युटर जोडलाय. पंखे फिरतायत, पण पडद्यावर काही येत नाही.”

मी आणि बिट्टीने! मला तर तिने मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं होतं.

साडूंबद्दल वाईट बोलायला जागा नाही, हीच त्यांची मोठी अडचण आहे. माणूस कचेरीत साहेब, तोंडात साखर. गाणं शिकले, आलं. बाग लावली, फुलली. सासऱ्यांच्या तोंडी सदा त्यांचंच नाव. त्यांच्याकडे सगळं होतं, फक्त मूल नव्हतं. ते माझ्याकडे होतं, आणि खरं सांगायचं तर एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर मी त्यांच्या घरी जेवायला जाऊ शकत होतो.

त्यामुळे मशीन बंद आहे म्हटल्यावर मला बरं वाटलं. स्कूटर काढताना मी चक्क शीळ घालत होतो.

त्यांच्या घरी पूर्वेकडच्या खोलीत खिडकीखाली टेबल मांडलं होतं. कॅबिनेटची एक बाजू काचेची होती. आतल्या वायरी वेणी घातल्यासारख्या नीट बांधलेल्या. मी चूक शोधत होतो आणि चूक सापडत नव्हती. शेवटी रॅमच्या एका पट्टीची खालची खिट्टी उघडी दिसली.

“ही कुणी बसवली?”

“मी,” बिट्टी म्हणाली.

मी पट्टी काढली. कोरी होती, तरी सवयीने खिशातलं खोडरबर काढून घासली. साडू हसले. “नव्या पट्टीलाही आंघोळ?” बिट्टीही हसली. मी पट्टी दाबून बसवली, दोन्ही खिट्ट्या टकटक लागल्या. बटण दाबलं.

एक आखूड बीप आली. सगळं ठीक असल्याची.

पडदा काळाच होता. त्यात फक्त माझा चेहरा दिसत होता.

मी दुसरी केबल मागायला मान वळवणार, तेवढ्यात बिट्टी टुणकन उडाली. “आला! काका, आला!” तिने साडूंना टाळी दिली. मला नाही.

“मानलं बुवा,” साडू म्हणाले. “दोन मिनिटांत!”

मी दोघांच्या तोंडांकडे पाहिलं. ते माझी थट्टा करत नव्हते. बिट्टीच्या गालावर निळसर उजेड पडला होता. तो उजेड मला दिसत होता. पडदा दिसत नव्हता.

“बाबा, इथे तारीख बरोबर कर ना.”

“तूच कर,” मी म्हटलं. “शिकशील.”

आता मला कुणी विचारेल, तेव्हाच का नाही बोललात? पण बावीस वर्षं ज्याने लोकांचे पडदे उजळले, त्याने साडूंसमोर काय सांगायचं, की मला दिसत नाही? मी म्हटलं, “सोपं होतं.” आणि चहा पिऊन निघालो.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. कोपऱ्यात एक डाग वाटतो असं सांगून त्यांचा मॉनिटर दुकानात आणला आणि माझ्या मशीनला लावला. झकास दिसत होता. म्हणजे मॉनिटर चांगला. मग कॅबिनेट आणलं आणि माझा मॉनिटर त्याला लावला. एक बीप, पडदा काळा. वीजपुरवठा बदलला, कार्ड बदललं, केबल बदलली. काळा.

शेजारचा झेरॉक्सवाला सुट्टे मागायला आला आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिला.

“वा! कुणी काढलंय हो हे चित्र?”

“कसलं चित्र?”

“हे काय, समोर आहे की. घर आहे, झाड आहे, झाडाखाली मुलगी आणि तिचा बाप. खाली दोघांच्या सह्यासुद्धा आहेत.”

सह्या कुणाच्या, हे विचारायचा मला धीर झाला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ मी घडाघडा वाचली. “नजर विशीतल्या पोराची आहे तुमची,” ते म्हणाले.

सगळं बदलून झालं होतं. उरलं काय, हे विचारायला बिट्टी दुकानात नव्हती. ती आता रोज कॉलेजातून परस्पर तिकडेच जायची.

मी घरी त्या मशीनबद्दल काही ना काही कुरकुर करत असे. वायरी उगाच बांधल्यात, काच उगाच लावलीय. एकदा बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, “अहो, पुरे आता. तुम्हांला त्यांचं काही म्हणजे काही बघवत नाही.”

ती सहज बोलली. माझ्या हातातला पेला मात्र मी खाली ठेवला.

पुढच्या महिन्यात साडूंना बढती मिळाली. आम्ही अभिनंदनाला गेलो. दारातून आत दोन पावलं टाकली आणि माझ्या मांडीला असा जबर फटका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

“भावोजी!” मेहुणी धावत आली. “एवढं मोठं टेबल दिसलं नाही तुम्हांला? कालच आणलंय.”

मी खाली पाहिलं. मोकळी फरशी. फरशीच्या वर, कमरेच्या उंचीला, सहा कप आणि एक किटली हवेत स्वस्थ उभी होती.

मी हात पुढे केला. बोटांना गार, गुळगुळीत लाकूड लागलं.

“कसं वाटलं?” साडूंनी विचारलं.

“छान आहे,” मी म्हटलं. “पॉलिश छान आहे.”

सगळे हसले. बिट्टी सर्वांत जास्त. मी बसलो तो हाताने खुर्ची चाचपून.

त्यानंतर मी त्यांच्याकडे जाणं टाळू लागलो. पण घरात वेगळंच शिजत होतं. बिट्टीचं कॉलेज त्यांच्या घरापासून पाच मिनिटांवर, आमच्यापासून सव्वा तास. पुढची दोन वर्षं तिने मावशीकडे राहावं, असं मायलेकींच्या मनात होतं. बायको म्हणाली, “पोरीची दगदग वाचेल. आणि त्यांनाही घरात कुणीतरी होईल.”

“माझी पोर काय घर भरायला आहे?” मी ओरडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून मी तिला आणायला निघालो. कायमची आणायची, असं ठरवूनच.

दार उघडंच होतं. पूर्वेकडच्या खोलीत दोघं पाठमोरी बसली होती. समोर काळा पडदा. बिट्टीच्या हातात चित्र काढायचं पेन होतं, वेणी पुढे घेतलेली, मान डावीकडे कललेली. लहानपणी टेबलावर बसून ती माझं काम अशीच बघायची. साडूंनी काहीतरी दाखवलं आणि ती हसली. ते हसणं मला ठाऊक होतं. माझ्या दुकानातलं होतं ते.

मग ती म्हणाली, “बाबा, हे बघ ना.”

“काय गं?” मी दारातून म्हटलं.

पण ती माझ्याशी बोललीच नव्हती. काकांना ती नेहमी अहो-जाहो करते, ‘काका, हे बघा’ म्हणते. आज तिच्या तोंडून दोन्ही चुकलं होतं. तिने जीभ चावली. “अय्या! सॉरी काका. चुकून बाबा म्हटलं.”

साडू हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी हाक मारावी तसा तो माणूस तिच्याकडे बघत होता.

ते मला बघवलं नाही. मी तोंड फिरवलं.

परत पाहिलं तेव्हा साडू तिथेच होते. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

चित्र काढायचं पेन हवेत तिरकं उभं होतं.

“बाबा! तू कधी आलास?” रिकाम्या खुर्चीतून आवाज आला. खुर्ची गर्रकन वळली. पेन खाली ठेवलं गेलं. मग पावलं वाजत माझ्याकडे आली आणि माझ्या दंडाला कोवळी, ऊबदार बोटं लागली.

“असा काय बघतोयस?”

“काही नाही,” मी म्हटलं. “चल घरी.”

स्कूटरवर ती माझ्या मागे बसली. खांद्यावर तिचा हात होता. मी रस्ताभर आरशात बघत होतो. मागची सीट रिकामी होती.

याला आता चाळीस दिवस झाले. चपलांच्या आवाजावरून, साबणाच्या वासावरून ती कुठे आहे ते मी ओळखायला शिकलोय. जेवताना तिच्या ताटातली पोळी कमी होत जाते तिकडे बघून बोलतो. तिच्या कपाळावर आलेला तो बारीक फोड गेला की नाही, मला माहीत नाही. जुने फोटो काढून बघितले. तिच्या पाचव्या वाढदिवसाच्या फोटोत मी खाली वाकून हसतोय आणि माझा हात हवेत आहे.

मग काल सकाळी मी ठरवलं. तिला जाऊ द्यायचं. कुणाच्या दबावाने नाही, मनापासून. साडूंकडे राहू दे, त्यांना बाबा म्हणू दे. माझी काही हरकत नाही. एकदा फक्त ती मला दिसू दे. मनातली जळजळ गेली, तर कुणास ठाऊक, पडदा उजळेलही.

आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून मी बाहेरच्या खोलीत बसलो. आतून चपला वाजल्या आणि दारापाशी थांबल्या.

“बाबा, आईने सांगितलं, तू विचार केलास म्हणून.”

“हो.”

“मग माझ्याकडे बघून सांग. राहू मी काकांकडे?”

मी उठलो. दारापाशी गेलो. ती माझ्या खांद्याला लागते हे मला आठवत होतं, त्या अंदाजाने मी डोळे स्थिर केले. हात उचलून तिच्या डोक्याच्या उंचीवर धरला. मनात खरोखर काही नव्हतं. मी दोन-दोनदा तपासलं, काही नव्हतं.

“राहा, बाळा,” मी म्हटलं. “आनंदाने राहा. मी येत जाईन तुला बघायला.”

दारात कुणीच दिसलं नाही. खाली नुसत्या तिच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या. स्वयंपाकघराचा नळ थेंबथेंब गळत होता. बायको आतल्या उंबऱ्यापाशी उभी होती आणि तोंडावर पदर धरून माझ्याकडे बघत होती.

मग आवाज आला. माझ्या पाठीमागून, मी उठलो होतो त्या खुर्चीजवळून, अगदी हळू.

“बाबा, मी इथे आहे.”