उशीवरचा कवडसा

१९९३ सालचा ऑगस्ट, शेवटचा आठवडा. ग्वानाबाकोआ गावात त्या उन्हाळ्यात वीज असायची कमी आणि जायची जास्त. दुकानात रंगाचे डबे होते, पण रिकामे. दुपारी जेवण झाल्यावर एव्हेलियोने शिडी, कुंचला आणि एक बाटली घेतली आणि तो रस्ता ओलांडून दोन्या रेमेदियोसच्या, म्हणजे समोरच्या म्हाताऱ्या बाईंच्या, घरात गेला. बाटलीत वार्निश होते, आणि त्यात जखमेवर लावायचे लाल औषध मिसळलेले. दुसरा लाल रंग कुठे मिळतच नव्हता.

म्हातारी मे महिन्यात वारली. किल्ली समोरचा शेजारी म्हणून एव्हेलियोकडेच राहिली होती. उद्या तिची भाची घर ताब्यात घ्यायला येणार होती. त्याआधी त्याला एक देणे उरकायचे होते.

देणे काचेचे होते. दोघांच्याही घरांत अंगणाच्या दारावर अर्धगोल खिडकी, उघडलेल्या पंख्यासारखी, रंगीत काचांची. त्याची मुलगी मिर्ता जन्मली त्या वर्षीच्या वादळात एव्हेलियोची लाल काच फुटली. बाळंतिणीच्या खोलीत लाल उजेड हवा, नाहीतर बाळाला दृष्ट लागते. दोन्याने आपल्या खिडकीतली लाल काच काढून दिली आणि तिथे साधी बसवली.

"पोरगी चालायला लागली की परत आण," एवढेच म्हणाली.

पोरगी चालायला लागली. शाळेत गेली, सासरी गेली, नवऱ्याला टाकून परतही आली. काच एव्हेलियोच्या खिडकीतच राहिली. दोन्या दारात खुर्ची टाकून बसायची. मिर्ता पाववाल्याच्या रांगेतून आली की म्हातारी मोठ्याने ओरडायची, "काय रे एव्हेलियो, मिर्ता चालायला लागली का?"

"अजून रांगतेय, दोन्या!"

सगळी गल्ली हसायची.

अंथरुणाला खिळल्यावर तिने खाट पुढच्या खोलीत आणवली. तिथे चारच्या सुमारास कवडसे पडत. तिने पुन्हा तेच विचारले. या वेळी हसली नाही.

"यामिलेचा पंधरावा वाढदिवस होऊ दे," एव्हेलियो म्हणाला. पंधराव्या वाढदिवसाला मुलीचा थाटाचा फोटो काढतात; नातीचा त्या लाल उजेडात काढायचा, असे घरात ठरले होते. "मग आणतो."

म्हातारी तोवर थांबली नाही. वाढदिवस आता येत्या शनिवारी होता. एव्हेलियोने ठरवले, तिच्या खिडकीतली साधी काच लाल रंगवायची. काच ती काच. भाचीला काय कळतेय.

ओल्या वार्निशवर धूळ बसली की काम फुकट जाते. म्हणून त्याने अंगणाचे दार लावले, रस्त्याकडच्या दाराचा अडसर घातला, रस्त्याकडच्या खिडकीची झडप ओढली आणि दारांच्या फटींत ओली फडकी कोंबली. मग शिडीवर चढला. खोलीत कापूर आणि तेजपत्त्याच्या स्पिरिटचा वास होता. तिच्या पायांना चोळायचे ते. तीन महिन्यांनी वास राहायला नको होता.

रंगाचा हात पातळ आणि सारखा बसला. तो उतरला तेव्हा ऊन अंगणात आले होते. खाटेवर निळा कवडसा पडला, पिवळा पडला, हिरवा पडला. लाल पडायला हवा तिथे, उशीवर, काळा डाग पडला.

रंग जाड झाला असेल. त्याने चढून काच पुसली. अगदी स्वच्छ, पूर्वीसारखी. खाली पाहिले. डाग तसाच.

"वय झालं," तो स्वतःशीच म्हणाला आणि दाराकडे गेला. अडसर सरकेना. खाली वाकून फडके ओढले. ते सुकून लाकडासारखे झाले होते, फळीलाच चिकटलेले. अंगणाचे दारही तसेच. सुताराचा खांदा होता त्याचा. दोनदा धडक दिली. दार हललेसुद्धा नाही.

ऊन कलत होते. निळा, पिवळा, हिरवा खाटेवरून सरकून भिंतीला लागले. काळा डाग उशीवरून हलला नाही. स्पिरिटचा वास दाट झाला. घशाशी आला.

उशीकडून हळूच आवाज आला.

"मिर्ता... चालायला लागली का रे...?"

एव्हेलियोने खिडकीची झडप खेचली. ती तेवढी उघडली. पुढे गज होते.

"मिर्ता! ए मिर्ता!"

मिर्ता हात पुसत समोरच्या दारात आली. "काय झालं, पापा? कोंडून घेतलंत की काय?"

"दार ढकल."

तिने येऊन ढकलले. मग खिडकीशी आली. "आतून कुणी रेटतंय का? खेळ करताय या वयात?"

"आपली लाल काच काढून आण. पट्टी सुरीने उचकव. जपून."

"आणि शनिवारचा फोटो? यामिले रडून घर डोक्यावर घेईल."

"साध्या उजेडात काढा."

"पापा, तुम्ही..."

"काच आण, मिर्ता. ऊन जायच्या आत."

त्याच्या आवाजात असे काही होते की ती पळाली. मागे, खाटेवर, काथ्या कुरकुरला. त्याने वळून पाहिले नाही. गज धरून उभा राहिला.

मिर्ता रस्ता ओलांडून आली. काच छातीशी धरून, एकेक पाऊल जपून टाकत, नुकते चालायला शिकलेल्या पोरीसारखी. त्याने गजांतून काच आडवी करून आत घेतली. शिडीवर चढला, साधी काच काढली, लाल काच खाचेत सरकवली, पट्टी ठोकली.

बाकीचे कवडसे भिंतीवर वर गेले होते. लाल मात्र खाली पडला, उशीवर, त्या काळ्या जागी, काठोकाठ. पण तो सपाट पडला नाही. कपाळ, नाक, हनुवटी असावी तसा वरखाली होऊन पडला.

"पापा..." मिर्ता गजांपाशी कुजबुजली. "खाटेवर कोण आहे?"

एव्हेलियो शिडीवरच थांबला. टोपी काढली.

"लागली, दोन्या," तो म्हणाला. "चालायला लागली."

दाराचा अडसर आपोआप सरकला. देणे फिटले.